मेंदूतील उशिरा येणाऱ्या सोबतिणी

शंभराहून अधिक वर्षे ज्या पेशींना शास्त्रज्ञांनी निव्वळ डिंक समजले, त्या तारकापेशी बाळाच्या मेंदूत चेतापेशींच्या मागाहून येतात. त्या आल्या, पण नीट पिकल्या नाहीत, तर काय होते?

१९५४ सालची गोष्ट. व्हिएन्ना शहरात डॉ. आंद्रेआस रेट यांच्या दवाखान्यात दोन आया आपापल्या मुलीला मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. डॉक्टरांची नजर सहज तिकडे गेली आणि ते थबकले. दोन्ही मुली आपले हात एकमेकांवर सारखे चोळत होत्या, जणू साबण लावून हात धूत असाव्यात. दोघींचा चाळा अगदी एकसारखा. डॉक्टरांनी दोघींचे कागद काढून पाहिले, तर दुखण्याची हकिकतही जवळजवळ तीच. मग जुन्या नोंदी धुंडाळल्या, तेव्हा अशा आणखी सहा मुली सापडल्या.

या मुलींची कहाणी कोणत्याही आईच्या काळजाचा ठोका चुकवील अशी आहे. मूल जन्मते ते चांगले, हसरे. सहा महिने, कधी वर्ष-दीड वर्ष सारे वेळच्या वेळी होत असते. मूल बसू लागते, खुळखुळा धरते, एखादा शब्दही बोलते. आणि मग कुठेतरी गाडे अडते. आलेले शब्द हरवतात. हातात चमचा धरणे, खेळणे धरणे विसरते आणि त्या रिकाम्या हातांना तो न थांबणारा चाळा लागतो. डोक्याची वाढ मंदावते. पुढे फिट्स येतात, श्वासाची लय बिघडते. हा आजार बहुधा मुलींनाच होतो, साधारण दहा ते पंधरा हजार मुलींमागे एकीला.

रेट यांनी १९६६ साली यावर जर्मन भाषेत लिहिले, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८३ साली स्वीडनचे डॉ. बेंग्ट हागबर्ग व त्यांचे सहकारी यांनी ३५ मुलींची माहिती इंग्रजीत प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे जगाला हा आजार कळला आणि त्याला रेट यांचेच नाव मिळाले. १९९९ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे डॉ. हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेने त्याचे मूळ शोधून काढले. एक्स गुणसूत्रावरील एमईसीपी-२ नावाच्या जनुकातील बिघाड. हा बिघाड बहुतेक मुलींमध्ये घराण्यातून आलेला नसतो, तो नव्यानेच घडलेला असतो आणि घडण्याची जागा बहुधा पित्याची शुक्रपेशी असते. अशा मुलीच्या आईलाच बोल लावणाऱ्या घरांत ही गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

आता मेंदूचा आजार म्हटला की तो चेतापेशींचा, असे सगळ्यांनी गृहीतच धरले होते. विचार, स्मरण, हालचाल हे सारे ज्यांच्या विजेवर चालते त्या या पेशी. पण २००९ साली अमेरिकेत गेल मँडेल यांच्या प्रयोगशाळेत एक साधा पण डोळे उघडणारा प्रयोग झाला. चेतापेशी घेतल्या निरोगी उंदराच्या. त्यांच्या सोबतीला तारकापेशी दिल्या त्या मात्र रेटचा बिघाड असलेल्या उंदराच्या. एकाच बशीत त्यांना वाढवले. निरोगी चेतापेशींच्या फांद्या खुरटल्या. मग आजारी तारकापेशी ज्या द्रवात वाढल्या होत्या, केवळ तो द्रव निरोगी चेतापेशींना दिला. तरी तेच! म्हणजे घरमालक धडधाकट असूनही, सोबतीण आजारी असल्यामुळे तो खंगत होता.

ही सोबतीण कोण आणि ती मेंदूत येते कोठून?

डिंक म्हणून हिणवलेल्या

चेतापेशींच्या मधल्या भरणीला १८५६ साली नाव दिले ते जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशॉ यांनी: न्यूरोग्लिया, म्हणजे सरळ अर्थाने मज्जेचा डिंक. विटा महत्त्वाच्या, मधला चुना काय, कोणीही कालवील, असा काहीसा भाव त्यात होता. पुढे पेशी रंगवण्याच्या नव्या पद्धती निघाल्या आणि या डिंकात चांदणीसारख्या चहूकडे फाटे फुटलेल्या पेशी दिसू लागल्या. हंगेरीच्या लेनहोशेक यांनी १८९० च्या दशकात त्यांना ॲस्ट्रोसाइट, अर्थात तारकापेशी, हे सुंदर नाव दिले. नाव सुंदर मिळाले, पण मान नाही मिळाला. स्पेनचे रामोन काहाल यांच्यासारखा एखादाच असा, की जो या पेशींकडे पुनःपुन्हा वळत राहिला. चेतापेशींच्या अभ्यासासाठी १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळाल्यावरही काहाल यांनी खास तारकापेशी रंगवण्यासाठी सोन्याचा क्षार वापरणारी पद्धत शोधून काढली, ती १९१३ साली.

दुर्लक्षाचे कारण उघड होते. चेतापेशींतून विजेचा स्पंद धावतो, तो तारेने टिपता येतो. तारकापेशी मात्र गप्प. यंत्राला काही ऐकू येईना, म्हणून त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नाही असा निष्कर्ष काढला गेला. घरातील कामाच्या बाईबद्दल जगाचे जे मत असते, तेच या पेशींच्या वाट्याला आले.

१९८५ साली मात्र या डिंकाला अचानक प्रसिद्धी मिळाली. कॅलिफोर्नियाच्या प्राध्यापिका मेरियन डायमंड यांना आइनस्टाइनच्या जतन केलेल्या मेंदूचे चार लहान तुकडे मिळाले होते. त्यांतील एका तुकड्यात दर चेतापेशीमागे आधारपेशींचे प्रमाण इतर अकरा पुरुषांच्या मेंदूंपेक्षा जास्त भरले. झाले! 'आइनस्टाइनच्या बुद्धीचे रहस्य सापडले' म्हणून मथळे झळकले. वास्तविक एका मेंदूवरून, आणि त्यातही चारांपैकी एका तुकड्यावरून, बुद्धीचे रहस्य सांगणे म्हणजे एका शितावरून अख्ख्या पंक्तीच्या जेवणाची चव सांगण्यासारखे आहे. आधारपेशी चेतापेशींच्या दहापट असतात हे अनेक वर्षे पाठ केले गेलेले वाक्यही असेच निघाले. २००९ साली ब्राझीलमध्ये मोजणी झाली, तेव्हा माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी आणि बाकीच्या सगळ्या पेशी मिळून जवळपास तेवढ्याच भरल्या.

काम मात्र खरेच अफाट आहे. रक्तवाहिनीला पाय टेकून तारकापेशी चेतापेशींना इंधन पोहोचवतात. चेतापेशी एकमेकींशी बोलताना जी रसायने सांडतात, ती टिपून घेतात. जेथे काम जास्त, तेथे रक्तपुरवठा वाढवायला मदत करतात. आणि त्या गप्पही नाहीत. त्यांच्यात कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि शेजारणीकडे पसरत जातात, हे १९९० साली प्रयोगशाळेत दिसले. त्यांची भाषा विजेची नव्हती, इतकेच.

आधी वऱ्हाड, मग आचारी

गर्भात मेंदू घडतो तो फार वेगळ्या क्रमाने. लग्नघरी आधी आचारी येतात, चूल पेटते, मांडव पडतो आणि मग वऱ्हाड उतरते. मेंदूत मात्र आधी वऱ्हाड येऊन बसते आणि आचारी-वाढपी मागाहून दाखल होतात. आधी चेतापेशी, नंतर तारकापेशी. आणि गंमत म्हणजे दोघींची आई एकच.

ही आई म्हणजे रेडियल ग्लिया नावाच्या पेशी. सोयीसाठी त्यांना खांबपेशी म्हणू. गर्भाच्या मेंदूत मध्यभागी द्रवाने भरलेली पोकळी असते. तिच्या भिंतीला या पेशींचे एक टोक चिकटलेले असते आणि दुसरा लांबलचक फाटा थेट मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत गेलेला असतो. माकडाच्या गर्भात नव्या चेतापेशी या खांबांना धरून वर चढतात, हे पास्को राकिच यांनी १९७२ साली दाखवले. त्यामुळे कित्येक वर्षे त्यांना चढण्यासाठी उभारलेली परांची समजले जात होते. २००० आणि २००१ साली जर्मनीतील माग्दालेना ग्योट्स यांच्या आणि अमेरिकेतील आर्नल्ड क्रिगस्टाइन यांच्या गटांनी दाखवून दिले की ही परांची स्वतःच चेतापेशींना जन्म देते. लेक आईच्या अंगाखांद्यावरून चढून आपल्या घरी जाते म्हणा ना!

उंदराचा गर्भ एकोणीस-वीस दिवसांचा. त्यात सुमारे अकराव्या दिवसापासून सतराव्या दिवसापर्यंत खांबपेशी मेंदूच्या बाह्यकासाठी चेतापेशी घडवत राहतात. मग जणू कोणीतरी कळ दाबावी तसा कारखाना बदलतो आणि तारकापेशी निघू लागतात. माणसात हाच बदल गर्भारपणाच्या मध्यावर सुरू होतो. ही कळ कोण दाबते, हा प्रश्न संशोधकांना वर्षानुवर्षे पुरला.

पहिले उत्तर असे की घड्याळ पेशीच्या आतच आहे. सॅली टेंपल यांच्या गटाने २००० साली उंदराच्या गर्भातील अशा मातृपेशी एकेकट्या बशीत वाढवल्या. भोवती ना मेंदू, ना शेजारी. तरी प्रत्येकीने क्रम मोडला नाही. आधी चेतापेशी, मग आधारपेशी.

दुसरे उत्तर जपानमधून आले, २००१ साली. प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, पण सगळी उघडी नसतात. डीएनएवर मिथाइल नावाची एक लहानशी रासायनिक टिकली लागलेली असते. ती जेथे असते, तेथे हुकूम घेऊन आलेल्या प्रथिनाला जागाच मिळत नाही. तारकापेशीच्या अंगातील बारीक तंतू जीएफएपी नावाच्या प्रथिनाचे असतात. त्याच्या जनुकावर ज्या ठिकाणी हुकूम घेऊन येणारे प्रथिन बसायचे, नेमकी तेथेच उंदराच्या गर्भात अकराव्या दिवशी टिकली असते. म्हणून 'तारकापेशी हो' असा हुकूम आला तरी पेशी तो मानत नाही. चौदाव्या दिवसापर्यंत ती टिकली बरीचशी पुसली गेलेली असते आणि दार उघडलेले असते.

तिसरे उत्तर सगळ्यांत लोभस आहे. तो हुकूम देते कोण? तर आधी जन्मलेल्या चेतापेशीच! कॅनडात फ्रीडा मिलर यांच्या गटाने २००५ साली दाखवले की नव्या चेतापेशी कार्डिओट्रोफिन नावाचे प्रथिन सोडतात आणि त्याच्या स्पर्शाने मातृपेशी तारकापेशी घडवू लागते. हे प्रथिन आधी हृदयाच्या स्नायूंच्या अभ्यासात सापडले होते, म्हणून नाव तसे. टिकली पुसण्याच्या कामातही नव्या चेतापेशींचा हात असतो, हे २००९ साली जपानी संशोधकांनीच पुढे दाखवले. म्हणजे थोरली बहीण आईला सांगते, 'आता माझ्या पाठीवर धाकटी हवी.' वऱ्हाड पुरेसे जमले की तेच आचाऱ्याला बोलावणे धाडते. चेतापेशी कमी असताना आचारी येऊन बसले असते, तर मांडवच रिकामा राहिला असता.

डीएनएवरच्या अशा टिकल्या ओळखून त्यांना जाऊन चिकटणारी काही प्रथिने पेशीत असतात. त्यांतील एक एमईसीपी-२. व्हिएन्नाच्या त्या मुलींमध्ये बिघडलेले असते ते हेच.

चेतापेशींचा हंगाम संपला की खांबपेशींचेही रूप बदलते. पोकळीच्या भिंतीला धरलेले टोक सुटते, पेशी वर सरकते आणि अनेक खांबपेशी स्वतःच तारकापेशी होऊन जातात. काहाल यांना असे असावे असे वाटत होतेच. १९७९ साली राकिच आणि त्यांच्या सहकाऱ्याने माकडाच्या मेंदूत या बदलाच्या मधल्या पायऱ्या दाखवल्या, आणि १९८९ साली फेरेट या मुंगसासारख्या लहान प्राण्यात खांबपेशींना रंग भरून त्यांचा माग काढला गेला. तो रंग शेवटी तारकापेशींत सापडला.

जन्मल्या तेथेच नांदायचे

खांबपेशींपासून होणाऱ्या तारकापेशी तरी किती होणार? एवढ्या मोठ्या मेंदूला त्या पुरणार नाहीत. उंदराच्या पिलाच्या मेंदूत जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत आधारपेशींची संख्या सहा ते आठ पटींनी वाढते. त्या येतात कोठून, हे बराच काळ नक्की नव्हते. २०१२ साली कॅलिफोर्नियात वू-पिंग गे आणि लिली जान यांच्या गटाने पिलांच्या मेंदूतील या पेशींचा पाठपुरावा केला, तेव्हा दिसले की बाह्यकात जाऊन बसलेल्या, रूपाने तारकापेशी झालेल्या पेशीच तेथल्या तेथे दुभंगून नव्या तारकापेशी घडवत आहेत. चेतापेशीला हे साधत नाही. ती एकदा चेतापेशी झाली की पुन्हा दुभंगत नाही.

त्याच वर्षी डेव्हिड रोविच यांच्या गटाने आणखी एक मजेशीर गोष्ट दाखवली. मेंदूच्या ज्या पट्ट्यात तारकापेशीची मातृपेशी होती, त्याच पट्ट्यात तिची सारी लेकरे राहतात. इकडेतिकडे भटकत नाहीत. एका पट्ट्यातील तारकापेशी संशोधकांनी मुद्दाम नाहीशा केल्या, तरी शेजारच्या पट्ट्यातील पेशी ती जागा भरायला सरकल्या नाहीत. चेतापेशी लांबलांबचा प्रवास करतात. तारकापेशी मात्र पक्क्या गावकरी. त्यामुळे मेंदूच्या एका भागात त्यांची घडण बिघडली, तर दुसरीकडून कुमक येईल ही आशा धरता येत नाही.

माणसात हा काळ किती लांब असतो, याचा अंदाज ब्रिटनमधील जॉन डॉबिंग आणि जीन सँड्स यांच्या १९७३ च्या अभ्यासातून येतो. त्यांनी वेगवेगळ्या वयांच्या मेंदूंतील डीएनए मोजून पेशींच्या वाढीचा आलेख काढला. त्यात दोन लाटा दिसल्या. पहिली गर्भारपणाच्या अठराव्या आठवड्याच्या सुमारास ओसरते, ती मुख्यतः चेतापेशींची. दुसरी तेथून सुरू होऊन जन्मानंतर दोन वर्षांच्या आसपासपर्यंत चालते, ती मुख्यतः आधारपेशींची. पोट दिसू लागण्याच्या सुमारास बाळाच्या मेंदूतील चेतापेशींची भरती बरीचशी झालेली असते. पण त्यांच्या सोबतिणींची भरती बाळ रांगते, उभे राहते, दुडुदुडु धावते, तरी चालूच असते.

पिकण्याचा काळ

जन्मलेली तारकापेशी कच्ची असते. तिला चार-दोन लांब फाटे असतात आणि ते शेजारणीच्या अंगणात बिनदिक्कत घुसलेले असतात. उंदराच्या पिलात पहिल्या महिनाभरात हे चित्र पालटते. फाट्यांना उपफाटे, त्यांना आणखी बारीक पालवी फुटत जाते आणि पेशी स्पंजासारखी भरगच्च होते. त्याच वेळी शेजारणी एकमेकींच्या हद्दीतून माघार घेतात. शेवटी शेतांना बांध पडावेत तशी प्रत्येकीची हद्द ठरते आणि कडेची थोडी जागा सोडली तर कोणी कोणाच्या हद्दीत पाय टाकत नाही. माणसाची तारकापेशी या बाबतीत खरी जमीनदार. बाह्यकातील तिचा व्यास उंदराच्या तारकापेशीच्या अडीच पटींहून अधिक भरतो. अमेरिकी संशोधकांनी २००९ साली केलेल्या अंदाजानुसार एकाच मानवी तारकापेशीच्या हद्दीत चेतापेशींचे वीस लाखांपर्यंत जोड येऊ शकतात.

ही पालवी आपोआप फुटत नाही. २०१७ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात चाग्ला एरोग्लू यांच्या गटाने दाखवले की तारकापेशीच्या अंगावरील न्यूरोलिजिन नावाची प्रथिने चेतापेशीच्या अंगावरील प्रथिनांना हात देतात, तेव्हाच तिला नीट फाटे फुटतात. तो हात काढून घेतला की तारकापेशी खुरटते आणि मग तिच्या हद्दीतले जोडही बिघडतात.

याची दुसरी बाजू बेन बॅरेस यांनी आधीच उजेडात आणली होती. स्टॅनफर्डच्या या प्राध्यापकाने साऱ्या जगाने टाकून दिलेल्या पेशींसाठी आपली कारकीर्द वाहिली. २०१७ साली ते वारले, तोवर त्यांच्या हाताखालून तयार झालेली माणसे ठिकठिकाणी याच पेशींवर काम करत होती. एरोग्लू त्यांच्यापैकीच एक. १९९७ साली बॅरेस आणि त्यांचे सहकारी फ्रँक फ्रीगर यांनी उंदराच्या डोळ्यांतील चेतापेशी बशीत अगदी एकट्या वाढवल्या. त्या जगल्या, पण एकमेकींशी जवळजवळ बोलेनात. आधारपेशी सोबत दिल्या आणि संभाषण सुरू झाले. २००१ साली मोजून पाहिले, तर तारकापेशींच्या सोबतीने जोडांची संख्या सात पट होत होती. २००५ साली त्यातील एक किमयागार सापडला, थ्रॉम्बोस्पॉन्डिन. रक्तातील बिंबिकांमुळे माहीत झालेले हे प्रथिन कोवळ्या मेंदूतील कच्च्या तारकापेशी भरपूर बनवतात. मेंदू प्रौढ झाला की ते आटते. नको असलेले जोड गिळून टाकण्याचे कामही तारकापेशी करतात, हे २०१३ साली याच प्रयोगशाळेने दाखवले. पेरायचेही त्यांनी आणि खुरपायचेही त्यांनीच.

आपल्या देशातील एका मोठ्या कार्याचा धागाही येथे जुळतो. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात गलगंडाचे आणि त्याबरोबर येणाऱ्या मतिमंदत्वाचे थैमान होते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून तेथील गावांना आयोडीनयुक्त मीठ पुरवून पाहिले. गलगंड लक्षणीय उतरला आणि १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीन लागते ते थायरॉइडचे संप्रेरक तयार व्हायला. हे संप्रेरक रक्तातून मेंदूत येते ते बरेचसे कच्च्या रूपात. त्याला वापरण्याजोगे रूप देणारे विकर मेंदूत ज्या थोड्या पेशींकडे असते, त्यांत तारकापेशी प्रमुख आहेत. त्या ते तयार करून चेतापेशींना देतात, आणि त्यांची स्वतःची वाढही याच संप्रेरकावर अवलंबून असते. चिमूटभर मिठाचा बाळाच्या बुद्धीकडे जाणारा एक रस्ता असा या सोबतिणींच्या अंगणातून जातो.

मांजरीच्या पिलांचा धडा

लहान मुलाचा एक डोळा आळशी असेल, तर डॉक्टर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायला सांगतात आणि वर बजावतात, 'उशीर करू नका.' कारण दृष्टीचे जोड घट्ट व्हायची एक ठरावीक मुदत असते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल यांनी मांजरीच्या पिलांवर हे दाखवले आणि त्यांना १९८१ चे नोबेल मिळाले. पिलाचा एक डोळा कोवळ्या वयात काही काळ बंद ठेवला, तर मेंदू त्याच्याशी नाते तोडतो. मोठ्या मांजराचा डोळा बंद ठेवला, तर काही बिघडत नाही.

ही मुदत संपवते कोण? १९८९ साली जर्मनीतील म्यूलर आणि बेस्ट या दोघांनी नुकत्याच जन्मलेल्या मांजरीच्या पिलांच्या तारकापेशी बशीत वाढवल्या आणि मोठ्या मांजरांच्या मेंदूतील दृष्टीच्या भागात सोडल्या. मग त्या मांजरांचा एक डोळा बंद ठेवला. मोठ्या मांजराचा मेंदू पिलासारखा वागला, बदलला! पुढच्याच वर्षी म्यूलर यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अंधारात वाढवलेल्या पिलांच्या मेंदूत, दृष्टीच्या भागातील काही थरांत तारकापेशी पिकायलाच वेळ लावतात. डोळ्यांवर पडणारा उजेडही त्यांना पिकवण्याच्या कामी येतो.

हा शोध नंतर बरीच वर्षे अडगळीत पडून राहिला. २०२१ साली पॅरिसमधील नताली रुआक यांच्या गटाने उंदरांवर तोच धागा पुन्हा उचलला आणि कारण शोधले. तारकापेशी पिकू लागल्या की त्यांच्यात कनेक्सिन-३० नावाचे प्रथिन वाढते आणि त्यातून सुरू होणारी साखळी अखेर चेतापेशींभोवतीची जाळी घट्ट करते. ज्या पेशी जोड जुळवून देतात, त्याच पिकल्यावर दारही लावून घेतात. एका अर्थी ते बरेच आहे. रोज नव्याने बदलणाऱ्या मेंदूला काल शिकलेले आज आठवले नसते.

पुन्हा त्या मुलींकडे

जिवंत बाळाच्या मेंदूत डोकावून तारकापेशी पिकताना पाहणे शक्य नाही. पण २०१७ साली स्टॅनफर्डमध्ये सर्जिऊ पाश्का आणि बॅरेस यांच्या गटांनी माणसाच्या मूलपेशींपासून बाह्यकाचे वाटाण्याएवढे गोळे वाढवले आणि ते सुमारे वीस महिने जिवंत ठेवले. त्यात आधी चेतापेशी झाल्या, मग तारकापेशी. सुरुवातीला त्या दुभंगणाऱ्या, कच्च्या होत्या. महिने उलटले तशा त्या मोठ्या माणसाच्या तारकापेशींसारख्या होत गेल्या. त्यांना ना पोट माहीत होते, ना प्रसूती. तरी २०२१ साली याच विद्यापीठात अशा गोळ्यांची जनुके तपासली, तेव्हा साधारण नऊ-दहा महिने उलटल्यावर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूशी जुळणाऱ्या खुणा त्यांत दिसू लागल्या. बशीतही घड्याळ माणसाचेच चालत होते.

रेट आजारात मुलीची वाढ अडते ती याच वयात, जेव्हा तारकापेशींचे वाढणे आणि पिकणे भरात असते. हा आजार पक्का, मागे न फिरणारा, असे समजले जात असे. २००७ साली एडिंबरोच्या एड्रियन बर्ड यांच्या गटाने उंदरांत हा समज खोटा ठरवला. आजाराची लक्षणे दिसू लागलेल्या उंदरांत त्यांनी बंद असलेले एमईसीपी-२ जनुक पुन्हा सुरू केले आणि मरायला टेकलेले उंदीर उठून फिरू लागले. माणसासाठी अजून तसा उपाय नाही. २०२३ साली अमेरिकेत ट्रोफिनेटाइड हे खास रेटसाठीचे पहिले औषध मान्य झाले. ते लक्षणे काहीशी हलकी करते, मूळ बिघाड दुरुस्त करत नाही.

बर्ड यांनी जनुक सुरू केले ते सगळ्या पेशींत. २०११ साली मँडेल यांच्या गटाने प्रश्न केला, केवळ तारकापेशींत सुरू केले तर? चेतापेशींना हात लावायचा नाही, त्यांचा बिघाड तसाच राहू द्यायचा. तसे केलेले उंदीर पूर्ण बरे झाले नाहीत. पण त्यांचे चालणे सुधारले, घाबरणे कमी झाले, बिघडलेली श्वासाची लय पूर्वपदावर आली आणि आयुष्य कितीतरी वाढले. संशोधकांनी त्यांच्या मेंदूचे काप घेऊन पाहिले. चेतापेशींत ते प्रथिन अजूनही नव्हते, तरी त्यांच्या फांद्या पुन्हा निरोगी उंदरांसारख्या पसरल्या होत्या.